जामीनदार मित्रास

सांगली,
15 मार्च 2022

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

माझ्या थकलेल्या कर्जापायी पतसंस्थेची नोटीस थेट तुझ्या शाळेवर गेली, हे वहिनींच्या फोनवरून कळलं. त्या रागावल्या नाहीत. "भाऊजी, आधी सांगायचं तरी होतं," एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून मला झोप नाही. दीड वर्ष तुझे फोन उचलले नाहीत, कारण काय बोलावं ते सुचत नव्हतं. आज सगळं लिहितो.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी माझ्या मांडवाच्या गोडाऊनात शिरलं, तेव्हा गाळ काढायला तू साताऱ्याहून आला होतास. कनाती, झालरी, गाद्या, सतरंज्या सगळं कुजलं. लोखंडी पाइप तेवढे राहिले. दिवाळीनंतर नवा माल भरला. नऊ लाख पतसंस्थेचे, तुझ्या सहीवर, आणि चार लाख बँकेचे. एप्रिल-मेच्या सव्वीस लग्नांचे बयाणे हातात होते. दोन सीझनमध्ये कर्ज फिटेल असं धरून चाललो होतो, आणि ते चुकीचं नव्हतं असं मला अजून वाटतं.

मग 22 मार्च 2020 चा जनता कर्फ्यू आला आणि दोनच दिवसांत देश बंद झाला. त्याच आठवड्यात इस्लामपुरात एका घरातले पाठोपाठ रुग्ण निघाले. सगळा जिल्हा धास्तावला होता. लग्नं आधी पुढं गेली, मग दारातच उरकली. लोक बयाणा परत मागायला आले. त्यांचं काय चुकलं? पण ते पैसे मी खुर्च्यांत आणि कापडात घालून बसलो होतो. एक गृहस्थ रोज यायचे. कुपवाडच्या एमआयडीसीतलं त्यांचं काम गेलेलं, मुलीचं लग्न तोंडावर. बोलायचे काही नाहीत, नुसते पायरीवर बसायचे. पाचव्या दिवशी हिनं पाटल्या काढून माझ्या हातात ठेवल्या. त्या मोडून त्यांचे पैसे दिले. आईच्या पाटल्या होत्या त्या, तू ओळखायचास.

रिझर्व्ह बँकेनं हप्ते थांबवले म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ता मागितला नाही, पण व्याज चालूच राहिलं. आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येतच नाही, तिला ती सवलत लागू नव्हती. केंद्र सरकारच्या हमीचं कर्ज निघालं तेही बँकेच्याच बाकीवर: 29 फेब्रुवारी 2020 ला जे येणं होतं त्याच्या 20 टक्के. मला ऐंशी हजार मिळाले. गोडाऊनचं थकलेलं भाडं आणि पतसंस्थेचे दोन हप्ते भरले, संपले. तुला तेव्हाच फोन करायला हवा होता. पुढचा सीझन लागेल, मग सांगू, असं म्हणत राहिलो.

पुढचा सीझन लागलाच नाही. एप्रिल 2021 मध्ये आदेश आला, लग्नाला 25 माणसं आणि दोन तास. पंचवीस माणसांना मांडव कोण घालणार? जुलैत पुन्हा पूर आला. माल आधीच वर काढला होता म्हणून वाचला, पण जागामालकाला द्यायला भाडं उरलं नव्हतं. मांडव उभारायचे ट्रस आणि पाइप भंगारात किलोवर गेले.

डिसेंबरात विजयनगरला वकिलांकडे गेलो. 2016 चा दिवाळखोरी कायदा माझ्या कामाचा नाही म्हणाले. कोरोनात सरकारनं त्यात बरंच केलं, थकबाकीची किमान मर्यादा एक लाखाची एक कोटी केली, एक वर्ष नव्या थकबाकीवर कारवाई थांबवली. पण ते सगळं कंपन्यांसाठी. एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्याला अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागतो. जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा, असेल ते कोर्टाच्या ताब्यात द्यायचं, कोर्टानं मोकळं केलं की सुटलो.

सुरेश, मी अर्ज तयार करून घेतला होता. सही करताना विचारलं, जामीनदाराचं काय? वकील म्हणाले, तुम्ही सुटाल, ते सुटणार नाहीत. कायद्यातच तसं लिहिलंय. मी कागद तिथंच ठेवून उठलो. कर्ज माझं आणि कपात तुझ्या पगारातून, हे माझ्या हातून होणार नाही. पण ही गोष्टसुद्धा तुला त्याच दिवशी सांगायला हवी होती.

आता नोटिशीचं. सहकार कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यासाठी सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे 28 तारखेला सुनावणी आहे. तोवर पगारातून कपातीच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. वडिलांच्या नावची तीन गुंठे जागा भावानं आणि मी विकायला काढली आहे, इसार झालाय. त्यातून एकरकमी परतफेडीचा लेखी प्रस्ताव देणार आहे. व्याजात किती सूट देतात ते बघू. कमी पडलं तर उरलेलं मी फेडेन. सध्या दुसऱ्या मांडववाल्याकडे कामाला जातो, रोज सहाशे मिळतात. लग्नं पुन्हा जोरात सुरू झाली आहेत.

एसटीचा संप अजून मिटलेला नाही, तेव्हा आदल्या दिवशीच रेल्वेनं ये. गाडीची वेळ कळव, सांगली स्टेशनावर मी उभा असेन. जेवायला घरीच. वहिनींना माझा नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांनाही वाचू दे.

तुझा,
बाळू