मोजणी अजून संपलेली नाही

उत्कियाग्विक, अलास्का
14 मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. अस्वलांची काळजी करू नका. समुद्रावरच्या बर्फाच्या कडेला उभे राहून आम्ही जाणारे देवमासे मोजतो, तेव्हा आमच्या मागे एक बंदूकधारी गावकरी सतत उभा असतो आणि अस्वलांवर नजर ठेवणे एवढेच त्याचे काम आहे. वारा फिरला की गावातले जाणते लोक आम्हाला बर्फावरून किनाऱ्यावर परत धाडतात. गेल्या आठवड्यात दोनदा परतावे लागले, हे मुद्दाम कळवते, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून ऐकून तुम्ही घाबरणार नाही. आई, 'रात्री एकटी बाहेर पडू नकोस' असे तू लिहितेस, पण येथे आता ऑगस्टपर्यंत सूर्य मावळणारच नाही.

काम तुम्हाला ठाऊक आहेच. काल एक बोहेड देवमासा बर्फाच्या कडेच्या इतका जवळ वर आला की त्याचा बेचक्यासारखा फुटलेला फवारा दिसण्याआधी श्वासच ऐकू आला. पांढरी हनुवटी क्षणभर दिसली आणि तो बर्फाखाली गेला. अशांनीच पूर्वी घोटाळा केला होता. हे देवमासे 2000 देखील उरले नाहीत असे समजून 1977 मध्ये त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली, तेव्हा येथील इन्युपिआत लोक सांगत होते की ते डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि बर्फाखालूनही जातात, तुम्ही फक्त उघड्या पाण्यातले मोजता. पाण्यात ध्वनिग्राहक सोडल्यावर त्यांचे म्हणणे खरे ठरले. बंदीऐवजी आता त्यांना ठराविक संख्येपुरती शिकार करता येते. 2011 च्या मोजणीतून सुमारे 17 हजारांचा अंदाज निघाला.

एक रीत मात्र मला अजून उमगलेली नाही. शिकारीत देवमासा मिळाला की त्या होडीच्या तांडेलाच्या घरावर त्याचे निशाण चढते, आणि मग गावातल्या कोणीही त्याच्या घरी जाऊन जेवावे. कोणीही म्हणजे खरोखर कोणीही. आमंत्रण नाही, ओळख लागत नाही, मांस विकायचे तर नाहीच. मी दारात 'येऊ का?' असे विचारले, तर प्रश्नच कळला नाही अशा चेहऱ्याने त्यांनी मला आत बसवले. काय खाल्ले ते विचारू नकोस.

पैसे 20 तारखेपर्यंत बाबांच्या खात्यात जमा होतील. लग्नाच्या कार्यालयाचे उरलेले त्यातून द्यावेत. मागच्या महिन्याचेही त्यात घातले आहेत, उशीर माझ्याकडूनच झाला.

ताईच्या लग्नाबद्दल लिहायचे टाळत इथवर आले. नातेवाइकांना 'रजा मिळाली नाही' असे सांगा. खरे तर मी ती मागितलीच नाही. पिल्ले घेऊन येणाऱ्या माद्या सर्वांत शेवटी जातात, मेच्या अखेरीस आणि पुढे, आणि त्या वेळी कडेवर माणूस नसेल तर त्या मोजणीतून निसटतात. हे तिला मी फोनवर सांगितले. ती 'बरं' म्हणाली, एवढेच.

28 तारखेला दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त म्हणजे येथे 27 च्या रात्रीचे 11 वाजून 5 मिनिटे. त्या वेळची मोजणीची पाळी मी बदलून घेतली आहे. बाबा, फोन अंतरपाटाच्या बाजूला, ताईचा चेहरा दिसेल असा धरा.

तुमची,
धाकटी