लस टोचल्यानंतरचे तीन आठवडे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘लस टोचूनही लम्पी झालाच, मग टोचायची कशाला?’ हा प्रश्न 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी हा गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूजन्य रोग दिसल्यापासून मी गोठ्यागोठ्यांत ऐकत आलो आहे. विचारणाऱ्याचा रोष खोटा नसतो. त्याची दावणीची गाय गेलेली असते. मात्र टोचल्यावर जनावराच्या अंगात काय घडते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि ही चूक आम्हा टोचणाऱ्यांची आहे.

लम्पीसाठी तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस कातडीखाली दिली गेली. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्याने ती उपयोगी पडते. कातडीत फांद्या पसरल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रिटिक पेशी पहाऱ्यावर असतात. त्या लसीतला विषाणू गिळतात, त्याचे तुकडे करतात आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडून जवळच्या लसीका ग्रंथीकडे निघतात. मानेत टोचले असेल, तर ही ग्रंथी म्हणजे खांद्यापुढची गाठ. लम्पीत सुजून हाताला लागते तीच. तेथे असंख्य टी पेशींमधून, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमधून, नेमका तोच तुकडा ओळखणारी पेशी भेटावी लागते, आणि तुकड्यासोबत धोक्याचा इशाराही मिळाला तरच ती जागी होऊन भराभर वाढू लागते. अशा जाग्या झालेल्या टी पेशींपैकी काही विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, तर काही बी पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला रोखणारी प्रथिने, तयार करायला लावतात. हे सारे पुरेसे बळकट व्हायला साधारण 21 दिवस लागतात.

गावात रोग शिरल्यावर टोचलेल्या जनावराला हे दिवस मिळतच नाहीत. डास, माश्या, गोचीड यांच्यामार्फत विषाणू आधीच आत आलेला असतो. तेव्हा दोष लसीला देणे योग्य नाही. नवजात वासराची तर अशी तयारीच नसते, कारण गायीच्या वारेतून प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. ती फक्त चिकातून मिळतात, म्हणून खरवसाआधी वासराचे पोट भरले पाहिजे, तेही जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांतच.

लसीकरण पावसाळ्यापूर्वी उरकावे, हे पशुपालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. आणि आपल्या वृत्तपत्राने लसीकरणाच्या प्रत्येक बातमीखाली ‘पुढचे 21 दिवस जनावर बाजारात नेऊ नये’ ही एक ओळ छापावी, अशी नम्र विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, जळगाव जिल्हा