ऋतास, मायामीच्या क्लिनिकबद्दल

चि. ऋता हिस अनेक आशीर्वाद.

पोट-कंबरेची चरबी काढून नितंबात भरायची शस्त्रक्रिया तुला करून घ्यायची आहे, त्या क्लिनिकचं पत्रक वाचलं. नुसतं ‘करू नकोस’ म्हटल्याने तू थांबणार नाहीस, आणि शरीर तुझं आहे. म्हणून लाजबीज बाजूला ठेवून कामाचं तेवढं लिहिते. भुलीच्या बाजूचं बाबांनी सांगितलंय.

‘तुमचीच चरबी, म्हणून धोका नाही’ हे पत्रकातलं वाक्य फसवं आहे. चरबी कोणाची यापेक्षा ती कुठे सोडली यावर जीव अवलंबून असतो. पोट-कंबरेची काढलेली चरबी कातडी आणि नितंबाचा स्नायू यांच्या मधल्या थरातच भरायची असते. त्या थराच्या तळाशी स्नायूवरचं चिवट आवरण असतं, फॅशिया. कॅन्युलाचं, म्हणजे चरबी सोडायच्या पोकळ नळीचं, टोक ते ओलांडून खोल गेलं की गाठ पडते नितंबातल्या मोठ्या पण पातळ भिंतीच्या शिरांशी. शीर फाटली की चरबी आत ओढली जाते, पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि तिथून फुप्फुसात जाऊन वाट अडवते. मॉनिटरवर श्वासातला कार्बन डायऑक्साइड एकदम घसरतो, मागोमाग रक्तदाब. रक्ताची गुठळी विरघळवायला औषध आहे, चरबीला नाही. हे टेबलावर किंवा पहिल्या काही तासांतच घडतं, अगदी धडधाकट तरुण मुलींनाही.

पूर्वी सर्जन मुद्दाम स्नायूत चरबी भरत, कारण तिथे रक्तपुरवठा भरपूर, म्हणजे चरबी जास्त टिकेल असा हिशेब. २०१७ मध्ये सर्जनांच्या जागतिक पाहणीतून सुमारे ३,००० शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू असा अंदाज निघाला, आणि सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी हा आकडा भयंकर आहे. फ्लोरिडाने २०१९ मध्ये स्नायूत भरायला बंदी केली. तरीही मृत्यू थांबले नाहीत. २०१० ते २०२२ या काळात दक्षिण फ्लोरिडात २५ जणी अशा गेल्या, बहुतेक स्वस्त आणि रांगा लावणाऱ्या क्लिनिकांमध्ये. बंदी असून असं का? ‘मी वरच आहे’ असं सर्जनला मनापासून वाटत असतं. पण नुसत्या हाताला खोली कळत नाही. कॅन्युला बारीक असेल तर ती आतल्या आत वाकते, आणि दिवसातल्या पाचव्या केसला हात थकलेला असतो.

म्हणून सोनोग्राफी. पडद्यावर फॅशियाची पांढरी रेघ आणि कॅन्युलाचं टोक दोन्ही दिसतं. मशीन खोलीत असणं पुरेसं नाही. चरबी सोडताना त्या मशीनचा प्रोब त्वचेवर हवा. फ्लोरिडात आता तसा कायदाच आहे, २०२३ पासून. सर्जनने निदान आदल्या दिवसापर्यंत तुला स्वतः, समोरासमोर तपासायचं; चरबी काढणं आणि भरणं दोन्ही त्यानेच करायचं, सहायकाने नाही; आणि तू भुलीखाली असताना त्याच्याकडे दुसरा पेशंट असता कामा नये. तुझ्या पत्रकात ‘व्हिडिओ कॉलवर सल्ला, सकाळी या, संध्याकाळी जा’ असं आहे. एवढ्यावरूनच मी ते क्लिनिक बाद केलं असतं.

दुसरीकडे विचारशील तेव्हा हे विचार: कॅन्युला किती जाडीची? ४ मिलिमीटर किंवा जास्त हवी, न वाकणारी. टोक खालच्या दिशेने, म्हणजे स्नायूकडे, वळवता का? उत्तर ‘नाही’ हवं. कॅन्युला हलती असतानाच चरबी सोडता का? ‘हो’ हवं. त्या दिवशी किती शस्त्रक्रिया आहेत? तीनपेक्षा जास्त असतील तर उठून ये. भूल कोण देणार, आणि तो शेवटपर्यंत खोलीत थांबणार का? बाबा म्हणतात, लिडोकेनचा, म्हणजे जागा बधिर करायच्या औषधाचा, डोस वजनावर ठरतो, ‘भरपूर’ हे त्याचं माप नव्हे; तेव्हा तुझ्या वजनाला किती मिलिग्रॅम, हे आकड्यात सांगायला लाव.

‘लिक्विड’ प्रकार, म्हणजे शस्त्रक्रियेविना फिलर (फुगवटा आणणारं द्रव्य) टोचणं, मनातूनच काढून टाक. सिलिकॉन तर मुळीच नाही; नितंबात ते टोचण्याविरुद्ध एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने, २०१७ मध्ये जाहीर इशारा दिलाय. सँटो डोमिंगोला स्वस्तात होतं असं तुझी रूममेट म्हणाली ना? त्याच देशात, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये, सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर २००९ ते २०२२ मध्ये ९३ अमेरिकी नागरिक दगावले.

एवढं करूनही भरलेल्या चरबीतली बरीच पहिल्या काही महिन्यांत शरीर जिरवून टाकतं. काही आठवडे नितंबांवर थेट भार देऊन बसता येत नाही. सिगारेट आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधीच सर्जनला सांग. दोन्हींनी पायात गुठळी होण्याचा धोका वाढतो. (मला नाही सांगितलंस तरी चालेल.) लगेच लांबचं विमान नको, म्हणजे दिवाळीचं तिकीट त्या हिशेबाने काढ.

आणि घरी आल्यावर धाप लागली, छातीत दुखलं, एकच पोटरी सुजली किंवा गुंगी येऊ लागली, तर क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर विचारत बसू नकोस. आधी तातडीच्या मदतीचा ९११ नंबर लाव. आम्हाला फोन नंतर केलास तरी चालेल.

तुझी आई