‘वासनेची शिकार’ हा मथळा आता नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांवरील लैंगिक अत्याचाराची बातमी आली की तिच्या मथळ्यात ‘वासनेची शिकार’ किंवा ‘वासनांध नराधम’ हे शब्द हमखास असतात, आणि आमच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानांवरील बातम्याही त्याला अपवाद नाहीत. या सवयीने गुन्ह्याचे स्वरूप झाकले जाते आणि एक जुना शब्दही नासतो.

‘वासना’ हा शब्द मुळात शरीरसुखापुरता नाही. कोणी तो राहणे या अर्थाच्या ‘वस्’ धातूशी जोडतात, कोणी सुगंधित करणे या अर्थाच्या ‘वास्’ धातूशी. फुले काढून घेतल्यावरही तिळांत त्यांचा गंध उरावा, तसा कर्माचा चित्तावर उरलेला ठसा म्हणजे वासना, आणि पतंजलींच्या योगसूत्रांतील चौथ्या पादात तो याच अर्थाने येतो. मराठीत त्याला इच्छा हा व्यापक अर्थ आला. तापातून उठलेल्याची अन्नावरची वासना उडालेली असते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, की मृताची वासना कशात अडकली असेल या विचाराने घरचे हात जोडून एकेक आश्वासन देऊ लागतात, कोणी नातीच्या लग्नाचे, कोणी गावच्या घराचे, आणि अखेर दर्भाचा कावळा करून विधी उरकतात. तुकोबांना ‘पापाची वासना’ आणि समर्थांना ‘वासना दुष्ट’ असे म्हणावे लागले, ते विशेषणावाचून तो शब्द वाईट ठरत नव्हता म्हणूनच. शरीराच्या ओढीसाठी ‘कामवासना’ हा जोडशब्द होताच, आणि त्यातला काम तर चार पुरुषार्थांपैकी एक.

मथळ्यात मात्र वासना हेच गुन्ह्याचे कारण ठरते, जणू देहाला आवरता न आलेली भूक होती. बळजबरी, धाक आणि विश्वासघात मागे पडतात. ‘नराधम’ म्हटल्याने तो कोणी परका राक्षस भासतो, जेव्हा अशा बहुसंख्य प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लैंगिक हल्ला, लैंगिक छळ अशी गुन्ह्यांची स्पष्ट नावे आहेत. पीडितेची ओळख उघड होणार नाही एवढे सांभाळून आपल्या उपसंपादकांनी मथळ्यात तीच वापरावीत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे