मोती, आई आणि तुझी साखर

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. केकसाठी साखरेऐवजी आणलेली ती झायलिटॉलची, त्या गोड पुडीची, पिशवी उचल आणि तुझ्या पिल्लाचं, टिपूचं तोंड पोचणार नाही अशा बंद कपाटात ठेव. खरं तर घरातच ठेवू नकोस. माणसाच्या रक्तातली साखर ती फारशी वाढवत नाही, म्हणूनच तुला कुणीतरी सुचवली असणार. पण कुत्र्याच्या पोटात गेली की त्याच्या शरीराला ती खरी साखरच वाटते. भराभर इन्सुलिन सुटतं आणि बऱ्याचदा तासाभराच्या आत त्याची साखर इतकी उतरते की ते झोकांड्या खातं, त्याला झटके येतात. पुढे यकृतावरही येऊ शकतं. टिपू एवढासा जीव, त्याला केकचा एक तुकडाही पुरेल. साखर नसलेलं च्युइंगम, टूथपेस्ट, काही पीनट बटर, यांच्यातही ते असतं, तेव्हा मागचा बारीक मजकूर वाचत जा.

तू केक करत असलीस की तो ओट्याखाली तोंड वर करून बसतो, असं लिहिलंयस. ते वाचताना तो अगदी डोळ्यांसमोर आला. म्हणून उरलेलंही सांगून टाकते. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन नावाचं द्रव्य आपलं शरीर बऱ्यापैकी लवकर निकालात काढतं, कुत्र्याचं फार हळू. चॉकलेट जितकं कडू तितकं वाईट. मनुका आणि द्राक्षं त्यांच्या मूत्रपिंडांना घातक, आणि किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही, त्यामुळे एकही नको. यीस्ट घालून फुगायला ठेवलेलं पीठसुद्धा. ते पोटाच्या उबेत आणखी फुगतं आणि आत दारू तयार होत राहते. यातलं काही पोटात गेलंय असं नुसतं वाटलं तरी लक्षणांची वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांना फोन कर. मीठ चारून ओकारी काढायचा उपाय कुणी सांगितला तर मुळीच ऐकू नकोस, मिठाचीच बाधा होते.

आता त्या पिशवीमागची गोष्ट. तुझ्या अख्ख्या पत्रात काकूंचे गुडघे आहेत, भावोजींची अपुरी झोप आहे, टिपूचे दुधाचे दात आहेत, आणि तुझी साखर अर्ध्या ओळीत: ‘एचबीएवनसी ६.१ आलंय, बघू.’ बघू म्हणजे काय गं? तुला सगळ्यांची दुखणी तपशिलात लिहिता येतात, तुझं दुखणं मात्र शेवटी, सहीच्या जरा आधी. मला राग नाही आला, पण वाईट फार वाटलं. मला तुझंच आधी कळायला हवं.

एचबीएवनसी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर. ६.१ म्हणजे मधुमेह नव्हे. ५.७ ते ६.४ हा त्याच्या अलीकडचा टप्पा. ६.५ पासून पुढे मधुमेह. घाबरायचं नाही, पण बघूही म्हणायचं नाही, कारण याच टप्प्यावर सगळ्यात जास्त करता येतं. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. या टप्प्यावरच्या ज्या लोकांनी वजन सुमारे सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं ठरवून तसा प्रयत्न केला, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांपेक्षाही त्यांचा फायदा जास्त होता. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. टिपू थोडा मोठा झाला की तोच तुला ओढून नेईल, तोवर तुझी तू नीघ. पुढची तपासणी साधारण तीन महिन्यांनी कर. रक्तातल्या लाल पेशी चारेक महिने जगतात आणि ही तपासणी त्यांनाच चिकटलेली साखर मोजते, त्यामुळे आठ दिवसांचं पथ्य तिच्यात दिसत नाही. बाकी काय खायचं, किती खायचं, हे तुझ्या डॉक्टरांशी बोल, आणि बोलताना भावोजींना बरोबर ने.

केक सोडू नकोस. केक करताना तू किती खुलतेस, ते मी पाहिलंय. साखर नुसती गोडीसाठी नसते, ती ओलावा धरते, लोण्याबरोबर फेटताना हवा धरते, वरचा तांबूस रंग देते. म्हणून साखरेच्या जागी दुसरंच काही घातलेला केक बऱ्याचदा कोरडा आणि बसका होतो. माझं मत असं, की खरा केक कर, साखर थोडी कमी घाल, आपल्यासाठी पातळ काप ठेव आणि उरलेला वाटून टाक.

आमच्याकडचं सांगते. हे चार महिने चक्करचेच गेले. आधी आई. पहाटे कुशीवर वळली आणि खोली गरगरा फिरायला लागली म्हणाली. पलंगाची कड घट्ट धरून बसली होती. डोळे उघडायला तयार नाही, उलटीची भावना. आम्ही घाबरून तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी बोलणं नीट आहे का, हातापायात जोर आहे का, दोन-दोन दिसतंय का, हे पाहिलं, कारण तसं काही असतं तर गोष्ट वेगळी, मेंदूची. ते काही नव्हतं. मग तिची मान एका बाजूला वळवून तिला झटकन मागे निजवलं आणि तिचे डोळे पाहिले. बुबुळं भिरभिरत होती. कानाच्या आत कॅल्शियमचे बारीक खडे असतात, त्यांच्यावरून शरीराला आपला तोल कळतो. ते जागचे सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलवताच असं होतं. प्रत्येक झटका मिनिटभराच्या आतला, पण त्या मिनिटात माणूस हादरून जातो. उपाय म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते खडे पुन्हा जागेवर न्यायचे. जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरांनी शोधलेली पद्धत, त्यांच्याच नावाने ओळखतात. औषध नाही, सुई नाही. आई उठून बसली, सावकाश डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि रडली. इतके दिवस तिला वाटत होतं, की आपलं आता संपत आलं. कुणाला बोलली नव्हती.

हे पुन्हा उद्भवू शकतं, म्हणून ती अजून उठताना आधी पलंगावर थोडी बसते, मग पाय खाली टाकते. पण परवा पुन्हा बागेत खुरपं घेऊन बसलेली दिसली.

आई सावरते न सावरते तोच आमचा म्हातारा कुत्रा, मोती. सकाळी उठायला गेला आणि एका अंगावर कोसळला. मान तिरपी, डोळे सारखे एका बाजूला ओढले जात होते, उभा केला तर गोल गोल फिरून पुन्हा पडे. चौदा वर्षांचा आहे गं तो. हे तर बाहेर जाऊन उभे राहिले, त्यांना बघवेना. मुलीने विचारलं, ‘आता त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवणार का?’ मला उत्तर देता आलं नाही. पशुवैद्यांनी तपासून सांगितलं, की म्हाताऱ्या कुत्र्यांत कानाच्या आतलं तोलाचं तंत्र असं अचानक बिघडतं, बऱ्याचदा कारण सापडत नाही. दिसायला अर्धांगवायूसारखं दिसतं, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत उतार पडायला लागतो आणि बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत हिंडायला लागतात. तुला हे मुद्दाम लिहितेय. त्या पहिल्या सकाळी पुष्कळ लोक आशा सोडून भलता निर्णय घेऊन बसतात. तसं कुणाच्या घरी झालेलं ऐकलंस तर त्यांना थांबायला सांग, आधी नीट तपासून घ्या म्हणावं.

मळमळीचं औषध दिलं. आम्ही फरशीवर सतरंज्या अंथरल्या, जिन्यापाशी फळी लावली, रात्री एक दिवा चालू ठेवला, कारण तोल गेलेल्याला डोळ्यांचाच आधार. पाण्याचं भांडं हातात धरून पाजायचं. बाहेर नेताना पोटाखालून पंचा घालून धरायचं. आणि आईने जवळजवळ सगळा वेळ त्याच्याजवळ काढला. ‘तुला काय होतंय ते या घरात मलाच ठाऊक आहे,’ असं त्याला सांगत होती. त्याचं डोकं हलू नये म्हणून आपली मांडी दिली होती. एरवी ‘केस सांडतात’ म्हणून त्याला खोलीत न घेणारी ती. आता तो फाटकापर्यंत जातो. मान जराशी तिरकी राहिली आहे, ती तशीच राहील म्हणतात. त्याला त्याचं काही नाही.

पावाबद्दल विचारलं होतंस, मधे चिकट का राहतो म्हणून. गव्हाचं अख्खं पीठ घ्यायला लागलीस ना, ते जास्त पाणी पितं आणि त्यातला कोंडा पिठाची ताण धरणारी जाळी तोडतो, त्यामुळे पाव थोडा घट्ट होणारच. पाणी थोडं वाढव, मळण्याआधी भिजलेलं पीठ अर्धा तास तसंच राहू दे. यीस्टला कोमट पाणी, हाताला गरम लागलं तर ते जास्तच. भाजल्यावर मध्यात तापमापक खुपसून बघ, ९५ अंशांच्या आसपास हवं. आणि पूर्ण गार होईपर्यंत कापू नकोस, आतलं पीठ गार होतानाच बसतं. उरलेला पाव फ्रीजमध्ये ठेवू नकोस, तिथे तो उलट लवकर शिळा लागतो. काप करून फ्रीझरमध्ये टाक, लागतील तेवढे काढून शेक.

मुलीची परीक्षा बरी गेली. यांचं काम तेच आणि तसंच. काकूंना म्हणावं, गुडघे दुखतात म्हणून बसून राहू नका, फिजिओथेरपिस्टने दिलेले मांडीचे व्यायाम रोज करा, मांडीत बळ आलं की गुडघ्यावरचा भार हलका होतो. आईने त्यांना आठवणीने नमस्कार सांगितलाय. भावोजींना झोपेत घोरायला होतं का, श्वास अडकल्यासारखा होतो का, ते या वेळी नीट लिही, मला त्यावरून काही विचारायचं आहे.

पण उत्तरात पहिलं पान तुझं. डॉक्टरांकडे कधी जाते आहेस ते आधी, बाकीचे सगळे नंतर.

तुझीच,
माई