तुमच्या ओळखीत असं कुणी आहे का?

प्रिय बंधुभगिनींनो,

सरकारी दवाखान्याच्या दारात रात्री आठच्या सुमाराला एक मावशी येतात. पिशवीत फडक्यात गुंडाळलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी आणि किटलीत पातळ डाळ. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेला, सोबत कुणी नसलेला पेशंट दिसला की आधी "जेवला का रे भाऊ?" आणि नाव-गाव मागाहून. भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये त्या तिसऱ्या बाकावर बसतात. त्यांचं हे काम आम्हाला कळायला चार वर्षं लागली, याची खरोखर लाज वाटते.

भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. ही सहा दयाकृत्यं, म्हणजे दयेची कामं, प्रभू येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात, २५ व्या अध्यायात सांगितली. मृताला मूठमाती देणं हे सातवं. बायबलमधल्या तोबिताने ते जिवावर उदार होऊन केलं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये सृष्टीची निगा राखणं हेही दयाकृत्यच आहे असं सांगितलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही यादी आपण सगळ्यांनी घडाघडा म्हटली आहे.

मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांवर जातो, काळी जमीन दगडासारखी होते. तशा उन्हात बेवारस माणसासाठी खड्डा खणणारे एक काका आहेत. ते ख्रिस्ती नाहीत. पैसे घेत नाहीत, कुदळीचा दांडा मोडला तर नवा स्वतःच आणतात.

ईस्टरनंतरच्या रविवारी, दैवी दयेच्या सणाला, मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, अशा माणसांचा सन्मान करायचं आमच्या सेवागटाने ठरवलं आहे. शाल-नारळ दिला, फोटो काढला आणि झालं, असं आम्हाला नको. मावशींचं पीठ-डाळ, काकांची अवजारं, कुणाचं एसटीचं भाडं, हा खर्च निदान वर्षभर तरी त्यांच्या खिशातून जाऊ नये. त्यासाठी तुमची मदत हवी आहे. रोख द्या, ज्वारी-उडीद द्या, चांगल्या स्थितीतल्या चादरी द्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाचवलेले पैसे याच कामी आले तर फार बरं वाटेल.

आणि अशा माणसांची नावं कळवा. जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठलीही असोत, कुठल्याही धर्माची असोत. नाव जाहीर नको असेल तर तसं लिहा. मावशींनी आम्हालाही तेच बजावलं आहे. चिठ्ठ्या झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारपर्यंत, चर्चच्या दाराजवळच्या पेटीत टाका. देणगीची पावती मिस्सानंतर ऑफिसात मिळेल, आणि दर महिन्याचा हिशेब तिथल्याच फलकावर लागेल.