झुडपी माळाला पडीक म्हणू नये

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर मराठवाड्यातील गायरानांवर आणि डोंगरउतारांवर वृक्षलागवडीची लगबग सुरू झाली, की अनेक ठिकाणी पहिले काम होते ते जेसीबी लावून बोर, हिवर, तरवड, हेकळ यांची झुडपे मुळासकट उपटण्याचे. जागा साफ झाली, असे म्हणून मग तेथे ओळीने खड्डे घेतले जातात. ही झुडपे म्हणजे नुसता अडथळा, असे मानणाऱ्यांपुढे दक्षिण अमेरिकेतील एका लहानशा पक्ष्याची हकीकत मांडावी, म्हणून हा पत्रप्रपंच.

इक्वेडोरच्या दक्षिण भागात, अँडीज पर्वतातील अस्वाय प्रांतात युंगिया नावाचे कोरडे खोरे आहे. फिकट डोक्याचा ब्रशफिंच हा पक्षी साऱ्या जगात केवळ याच परिसरात आढळतो. तो आपल्या बुलबुलाहून थोडा लहान असतो. डोके मळकट पांढरे, डोळ्यामागे तपकिरी रेघ, पाठ करडी-तपकिरी आणि पंखावर एक छोटा पांढरा ठिपका, असे त्याचे साधे रूप आहे. रानाच्या कडेला वाढलेल्या दाट झुडपांत आणि वेलींच्या गुंत्यात तो किडे, फळे व बिया शोधत फिरतो आणि तेथेच घरटे बांधतो. शेतीसाठी झुडपे तोडली गेली, उरलेल्यांत गुरे-शेळ्या चरू लागल्या आणि १९६९ नंतर हा पक्षी कोणाच्या दृष्टीस पडेनासा झाला. तो नामशेष झाला असावा, असेच पुष्कळांना वाटू लागले होते.

१९९८ मध्ये तो पुन्हा सापडला, तेव्हा त्याच्या जेमतेम दहा-वीस जोड्या उरल्या होत्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या होकोटोको या संस्थेने तेथील जमीन विकत घेऊन राखीव केली व चराई थांबवली. तरीही संख्या म्हणावी तशी वाढेना. अभ्यासकांनी घरट्यांवर लक्ष ठेवले, तेव्हा काऊबर्ड नावाचा दुसरा पक्षी त्यांत आपली अंडी घालतो, हे कारण ठळकपणे पुढे आले. कोकिळा कावळ्याच्या आणि पावशा सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेच. परंतु कावळ्यांची संख्या अफाट असल्याने त्यांचे त्यात फारसे बिघडत नाही. जेथे मुळात मोजकीच घरटी आहेत, तेथे मात्र परक्या पिलापायी वाया गेलेली प्रत्येक वीण महागात पडते. शिवाय हा काऊबर्ड मोकळ्या शेतांचा आणि चराऊ रानांचा पक्षी असल्यामुळे जंगलतोडीबरोबर त्याचा वावरही वाढत गेलेला आहे. २००३ पासून विणीच्या हंगामात राखीव क्षेत्रातील काऊबर्ड मारण्यात येऊ लागले. एक पक्षी वाचवण्यासाठी दुसरा मारणे मनाला सहज पटत नाही, पण त्या परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता, असे माझे मत आहे. पुढील काही वर्षांत ब्रशफिंचची संख्या दोनशेच्या वर गेली आणि २०११ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून काढून ‘संकटग्रस्त’ गटात ठेवण्यात आले.

या हकीकतीतील एक बाब आपल्यासाठी फार मोलाची आहे. या पक्ष्याला उंच, घनदाट जंगल मानवत नाही. त्याला मध्यम उंचीची, मधूनमधून मोकळी असलेली झुडपेच लागतात. त्या खोऱ्यात कोणी मोठ्या हौसेने सगळीकडे झाडे लावली असती, तर हिरवाई दिसली असती आणि पक्षी मात्र गेला असता.

आपल्या बालाघाटाच्या उतारांवरील झुडपांतही असाच संसार चालतो. राखी वटवट्या हा चिमुकला पक्षी गुडघाभर उंचीच्या झुडपात पाने एकमेकांना शिवून घरटे करतो. ते इतके बेमालूम असते, की हातभर अंतरावरूनही चटकन दिसत नाही. बोरीच्या काट्यांआड सातभाईंचे थवे आसरा घेतात, खाटीक पक्षी त्याच काट्यांना टोळ टोचून ठेवतो. यांतले बरेच पक्षी आज सर्रास दिसतात म्हणून त्यांची काळजी नको, असे म्हणणे मला मान्य नाही.

वृक्षलागवडीला माझा विरोध नाही. उघड्या-बोडक्या जमिनी, रस्त्यांच्या कडा, शाळांची आवारे आणि बांध येथे ती अवश्य व्हावी. जेथे देशी झुडपे स्वतःहून, एका थेंबाचेही पाणी न घालता उभी आहेत, तेथे ती तशीच ठेवून खड्डे मधल्या मोकळ्या जागेत घ्यावेत. जैवविविधता कायदा, २००२ व त्याखालील नियमांनुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावच्या झुडपी माळाची आणि तेथील पक्ष्यांची नोंद तीत आधी व्हावी आणि ती पाहूनच लागवडीची जागा ठरवावी, अशी ग्रामपंचायतींना आणि वन विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
अंबाजोगाई, जि. बीड